अरबी समुद्रातले देवमासे मोजतात कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अरबी समुद्रात हंपबॅक देवमासे शंभरही उरलेले नाहीत असं वाचायला मिळतं. एवढ्या समुद्रात ते मोजले कुणी आणि कसे? आणि ओमानला मोजलेला प्राणी महिन्याभराने वेंगुर्ल्यासमोर आला, तर तो दोनदा धरला जात नाही कशावरून?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, कारण खरी मेख तिथेच आहे. तोच प्राणी पुन्हा दिसला तर आमची मोजणी बिघडत नाही, उलट त्याच्याच जोरावर ती उभी राहते. अट एवढीच, की तो तोच आहे हे ओळखता आलं पाहिजे.

हंपबॅक खोल बुडी घेताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो. तुमची बोट त्याच्या मागे असेल तर दोनतीन सेकंद शेपटीची खालची बाजू समोर येते. तिच्यावर काळ्यापांढऱ्याचे पट्टे असतात, मध्ये खाच असते, मागची कड करवतीसारखी दातेरी असते. कुठे ऑर्काच्या (देवमाशांवर हल्ला करणाऱ्या ‘किलर व्हेल’च्या) दातांच्या समांतर रेघा, कुठे जाळ्याच्या दोरीने कापलेली जुनी जखम. हे सगळं मिळून प्रत्येक प्राण्याची खूण वेगळी होते आणि वर्षानुवर्षं टिकते. त्या दोनतीन सेकंदांत फोटो मिळाला तर तो प्राणी आमच्या नोंदवहीत आला.

पुढचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. समजा पहिल्या हंगामात ४० वेगवेगळ्या शेपट्यांचे फोटो मिळाले. दुसऱ्या हंगामात ३० मिळाले आणि त्यातल्या २० शेपट्या आधीच्या ४० मधल्याच निघाल्या. म्हणजे दुसऱ्यांदा पाहिलेल्यांपैकी दोन तृतीयांश ओळखीचे होते. मग पहिले ४० हेही एकूण संख्येच्या साधारण दोन तृतीयांश असणार, आणि एकूण प्राणी साधारण ६०. ३० मधले फक्त २ ओळखीचे निघाले असते, तर हाच हिशेब ६०० वर गेला असता. ओळखीचे चेहरे जितके जास्त, तितकी संख्या कमी. ओमानमध्ये नेमकं हेच झालं: तीच तीच जनावरं पुन्हापुन्हा दिसत राहिली. २००० ते २००४ या काळातल्या फोटोंवरून अंदाज निघाला ८२ चा, आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही वाचलेल्या ‘शंभराहून कमी’चा उगम हा.

पण या ८२ ला एक शेपूट आहे, ती बातम्यांमध्ये छाटली जाते. पूर्ण वाक्य असं आहे: ८२, आणि ९५ टक्के खात्रीने ६० ते १११ यांच्या दरम्यान. मला विचाराल तर ६० ते १११ हाच खरा निष्कर्ष आहे, ८२ हा त्याचा मध्य. दहा वर्षांनी कुणी मोजलं आणि ९५ आले, तर ‘देवमासे वाढले’ अशी बातमी होईल. प्रत्यक्षात वाढले की घटले हे त्या दोन आकड्यांवरून सांगताच येणार नाही.

या पद्धतीची गृहीतकंही पाहायला हवीत, कारण समुद्रात ती पूर्णपणे पाळली जात नाहीत. पहिलं, प्रत्येक प्राणी सापडण्याची शक्यता सारखी असावी. ती नसते. काही प्राणी शेपूट उंच उचलतात, काही जेमतेम. पिल्लू सोबत असलेली मादी बऱ्याचदा शेपूट न दाखवताच खाली जाते. शिवाय नर आणि मादी एकाच ठिकाणी सारख्या प्रमाणात नसतात. उत्तर अटलांटिकमध्ये १९९० च्या दशकात त्वचेच्या नमुन्यांतल्या डीएनएवरून असाच हिशेब केला, तेव्हा नर ४,८९४ आणि माद्या २,८०४ असा अंदाज आला. माद्या खरोखरच इतक्या कमी होत्या असं नाही. नमुने घेतले त्या जागी आणि त्या वेळी त्या कमी हाती लागत होत्या. सापडण्याची शक्यता अशी असमान असली की अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो.

दुसरं गृहीतक, ओळख चुकू नये. फोटो जुळवायला बसलं की डोळा कसा फसतो ते कळतं. आधी पांढऱ्याचं प्रमाण बघायचं, मग मधल्या खाचेचा आकार, मग ओरखडे, आणि शेवटी मागच्या कडेचे दाते एकेक करून ताडायचे. सूर्य समोर असेल तर पांढरा भाग राखाडी दिसतो, शेपूट तिरकी असेल तर खाच बुजते. पिल्लांची नक्षी तर पहिल्या काही वर्षांत बदलतेसुद्धा. वरच्या उदाहरणात २० जुळण्यांपैकी ४ निसटल्या तर ६० च्या जागी ७५ येतात. नुसत्या थकलेल्या डोळ्यांनी समुद्रात पंधरा देवमासे वाढवले! म्हणून दोन माणसं स्वतंत्रपणे जुळवणी करतात आणि नंतर ताळा घेतात. आता संगणक हे काम फार चांगलं करतो. उत्तर प्रशांत महासागरातल्या हंपबॅकचे संशोधकांनी आणि पर्यटकांनी काढलेले फोटो अशाच यंत्रजुळणीतून एकत्र आले. त्यावरून दिसलं की तिथली संख्या २०१२ च्या सुमारास ३३,५०० पर्यंत चढली होती आणि २०२१ पर्यंत २६,७०० च्या आसपास उतरली. मधल्या काळात, २०१४ ते २०१६, तिथे समुद्र विलक्षण तापला होता आणि खाद्य आटलं होतं. वर्षागणिक असा आलेख मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

तिसरं गृहीतक सगळ्यात महत्त्वाचं: मोजताय ती वस्ती नेमकी कुठवर पसरली आहे हे माहीत असावं. ८२ हा आकडा ओमानच्या किनाऱ्याशी ये-जा असलेल्या प्राण्यांचा आहे. मसिराचं आखात आणि धोफारची किनारपट्टी, मुख्यत्वे इथेच फोटो काढले गेले. जो हंपबॅक आयुष्यभर गुजरात ते केरळ एवढ्याच पट्ट्यात राहिला, ओमानला कधी गेलाच नाही, तो या ८२ मध्ये नाही. असे प्राणी आहेत का, किती आहेत, हे फक्त मोजून कळत नाही. ते कुठे जातात हे कळावं लागतं. म्हणून संख्या आणि प्रवास हे मी दोन वेगळे विषय मानत नाही. प्रवास ठाऊक नसलेली संख्या अर्धवट असते.

या प्रवासाबद्दल पहिला मोठा पुरावा मिळाला तो कत्तलीतून. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांच्या ताफ्याने ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारतासमोरच्या समुद्रात हंपबॅक मारले. ते बेकायदा होतं आणि जगापासून लपवलं गेलं; खरे आकडे १९९० च्या दशकात बाहेर आले. एकूण २४२. आज जेवढे आहेत त्याच्या जवळपास तिप्पट, आणि तेही बहुतांशी एका महिन्यात. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी त्या लोकांनी लिहून ठेवली होती. ती मापं उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राशी जुळतात, दक्षिणेशी नाही. म्हणजे हे अंटार्क्टिकाहून तिकडच्या थंडीत वर आलेले पाहुणे नव्हते. पोटात क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि मासे होते, म्हणजे ते इथेच खात होते. जगातले बाकीचे हंपबॅक थंड पाण्यात खातात आणि उबदार पाण्यात विणीसाठी जातात. आपले मात्र खाणं, गाणं आणि वीण सगळं अरबी समुद्रातच उरकतात, कारण पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्यावर खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि तारलीसारख्या मासळीची चंगळ होते. पुढे जनुकीय अभ्यासातून निघालं की ही वस्ती सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून वेगळी पडली आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं. दक्षिण गोलार्धात हंपबॅक कितीही वाढले तरी त्यांनी इथली जागा भरून निघणार नाही.

मेलेल्या प्राण्यांवरून प्रवास काढण्याची ती एक जुनी रीतच होती. विसाव्या शतकात देवमाशांच्या अंगात क्रमांक कोरलेली धातूची नळी बंदुकीने मारत. तो प्राणी पुढे कधी शिकारी जहाजावर कापला गेला आणि नळी सापडली, तर दोन ठिपके मिळायचे: कुठे टोचली आणि कुठे मेला. मधली वाट कोरीच. आता उपग्रहाशी बोलणारी पट्टी पाठीच्या पंखाजवळ रोवतात, आणि प्राणी श्वासाला वर आला की ती आपली जागा कळवते. काही आठवडे, कधी काही महिने टिकते, मग गळून पडते.

आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा माग ‘लुबान’ या मादीचा. ओमानमधल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये तिला पट्टी लावली. डिसेंबरात ती किनारा सोडून सरळ पूर्वेला निघाली, अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि मग परत ओमानला. त्याच वर्षी गोव्यात ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांवर हंपबॅकचं गाणं मिळालं होतं. गाणं नर म्हणतात. म्हणजे मादी आली, नरही आले होते. ओमानच्या आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध आहे हे आता शंकेपलीकडे आहे. पण एका मादीवरून ‘सगळे इकडे येतात’ असं म्हणणं घाईचं ठरेल. त्या काळात ओमानमध्ये पट्ट्या लावलेल्या इतर प्राण्यांचे माग बहुतेक तिथल्याच किनाऱ्याशी घुटमळत राहिले.

ध्वनिमुद्रकाचं एक बरं असतं, तो पावसाळ्यातही काम करतो. जून ते सप्टेंबर कोकणात लहान बोट काढता येत नाही, त्यामुळे नजरेने मिळालेल्या आपल्या सगळ्या नोंदींत दरवर्षी चार महिन्यांचं भगदाड असतं. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ ठेवलेल्या यंत्रांनी निळ्या देवमाशांचं गाणं वर्षाच्या ठरावीक काळात टिपलं. डोळ्यांच्या भरवशावर राहिलो असतो तर ते कळायला फार वर्षं लागली असती. मात्र आवाजावरून संख्या काढणं अवघड. एक नर तासन् तास गातो, शेजारची मादी आणि पिल्लू गप्प असतात. गाणं ऐकू आलं तर प्राणी आहे, हे पक्कं. ऐकू आलं नाही म्हणजे नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग जहाज घेऊन सरळ समुद्र पालथा का घालत नाही? हिशेब करून बघा. जहाज ताशी १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर जातं. दोन्ही बाजूंना दोनदोन किलोमीटर नजर पोचते असं धरलं, तर तासाला ७४ चौरस किलोमीटर पाहून होतात. अरबी समुद्र सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर. ५१,००० तासांहून जास्त लागतील. दिवसाच्या उजेडात रोज बारा तास धरले तर जवळजवळ बारा वर्षं. आणि त्यातला एक टक्का पाहायचा म्हटलं तर ८० प्राण्यांपैकी एकही दिसेल याची शाश्वती नाही. म्हणून इतक्या दुर्मिळ प्राण्याला फोटोंचीच पद्धत लागते.

जिथे प्राणी भरपूर आहेत तिथे मात्र जहाजाची पद्धत उत्तम चालते. नकाशावर आधीच आखलेल्या सरळ रेघांवरून जहाज जातं. रेघा आधी आखायच्या, कारण देवमासे दिसतील तिकडे वळत गेलात तर आकडा फुगणारच. निरीक्षक फवारा दिसला की दोन गोष्टी ओरडून सांगतो: जहाजाच्या नाकापासून किती अंशात आणि किती लांब. कोन पाटीवरच्या काट्याने घेतात, अंतर दुर्बिणीतल्या रेघांवरून, क्षितिजाच्या किती खाली आहे ते पाहून. त्यातून प्राणी आपल्या रेघेपासून आडवा किती दूर होता ते निघतं. जवळचे बहुतेक दिसतात, लांबचे निसटतात. किती झपाट्याने निसटतात त्यावरून खरोखर किती रुंदीचा पट्टा नजरेखालून गेला ते ठरतं.

इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. नवीन निरीक्षक कोन ‘शून्य’, ‘दहा’, ‘पंचेचाळीस’ असे सोयीचे सांगतात. सहा अंशांवरचा प्राणी शून्यावर लिहिला गेला की तो थेट रेघेवर येऊन बसतो, पट्टा खऱ्यापेक्षा अरुंद ठरतो आणि संख्या वाढून येते. प्रशिक्षणात माझा सगळ्यात जास्त वेळ प्राणी ओळखायला शिकवण्यात जात नाही, कोन नीट वाचायला लावण्यात जातो.

श्रीलंकेच्या दक्षिणेला मिरिस्साच्या बाजूला या पद्धतीने निळे देवमासे मोजले, तेव्हा त्या पट्ट्यात सरासरी २७० चा अंदाज आला. ही श्रीलंकेच्या देवमाशांची एकूण संख्या नव्हे. त्या काळात त्या चौकटीत असलेल्यांची सरासरी. पण त्या सर्वेक्षणाचं खरं फळ वेगळंच होतं. देवमासे सगळ्यात दाट नेमके तिथे होते जिथून जगातला एक अतिशय गजबजलेला जहाजमार्ग जातो, आणि तो मार्ग १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर टकरीचा धोका ९५ टक्क्यांनी घटतो असं गणित निघालं. एका मोठ्या कंटेनर कंपनीने २०२२ पासून आपली जहाजं खरोखरच दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

या पद्धतीतही बुडालेल्या प्राण्यांचा प्रश्न राहतो. स्पर्म व्हेल पाऊण तास खाली असतो. तेवढ्यात जहाज त्याच्यावरून निघून जातं. त्यासाठी एकाच जहाजावर दोन स्वतंत्र तुकड्या ठेवतात आणि एकीला दिसलेलं दुसरीला किती वेळा दिसलं नाही यावरून निसटलेल्यांचा अंदाज बांधतात. आणि जहाज जिथे पोचतच नाही तिथलं काय? अंटार्क्टिक मिंके देवमाशांच्या बाबतीत यावर वर्षानुवर्षं वाद चालला. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या जहाजांनी अंटार्क्टिकाभोवती केलेल्या फेऱ्यांतून १९८५-८६ ते १९९०-९१ साठी ७,२०,००० आणि १९९२-९३ ते २००३-०४ साठी ५,१५,००० असे अंदाज २०१२ मध्ये मान्य झाले. दोन लाख मेले, की जहाजांना जाता येत नाही अशा बर्फात शिरले? पुन्हा तेच: संख्येचं उत्तर प्रवासात अडकलेलं.

बर्फाची अशीच एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. अलास्काच्या उत्तर टोकाला उत्किआगविक इथे बोहेड देवमासे वसंतात बर्फाच्या भेगेतून जातात, आणि बर्फाच्या कडेवर बसून ते मोजत. १९७० च्या दशकातल्या अंदाजांनुसार ते ६०० ते २,००० एवढेच होते. त्यावरून १९७७ मध्ये आयोगाने तिथल्या मूळ रहिवासी इनुपियात लोकांच्या पिढीजात शिकारीला दिलेली सूट काढून घेतली. इनुपियात शिकारी सांगत होते: तुम्ही भेगेतले मोजताय, पुष्कळ देवमासे लांबून, बर्फाखालून जातात, भेग बंद असली तरी जातात. मग पाण्यात ध्वनिग्राहक सोडले. भेग मिटलेली, नजरेला काही नाही, आणि खालून आवाज चाललेले. शिकाऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. २०११ च्या मोजणीत हे देवमासे सुमारे १६,८०० भरले. काही वाढ खरी होती, पण सुरुवातीचा आकडाही तोकडाच होता.

म्हणून कोकणात सर्वेक्षण आखताना मी आधी तांडेलांशी, म्हणजे मच्छीमार बोटींच्या प्रमुखांशी, बोलते. नकाशा पसरायचा, कुठल्या वावाला (म्हणजे किती खोल पाण्यात), कुठल्या महिन्यात, कुठली मासळी लागत असताना मोठा प्राणी दिसला ते विचारायचं. ते ज्याचं वर्णन करतात तो बऱ्याचदा ब्राइड्स व्हेल निघतो: डोक्यावर तीन उभे कंगोरे, मागे वळलेला पंख, आणि शेपूट सहसा न उचलणारा. सिंधुदुर्गासमोर २०१५ मध्ये निळे देवमासेही नोंदले गेले. आणि बातम्यांत ‘हंपबॅक दिसला’ असं असतं तेव्हा तो कधीकधी किनाऱ्यालगतचा हंपबॅक डॉल्फिन असतो. नावात साम्य असलं तरी तो वेगळाच, अडीच मीटरच्या आसपासचा प्राणी.

तुम्ही स्वतः बोटीवर असाल आणि मोठा देवमासा दिसला, तर त्याच्या वाटेत जाऊ नका. गती कमी करा, मागे आणि बाजूला राहा. हंपबॅक असेल तर पाठ कमानीसारखी वाकली की कॅमेरा शेपटीच्या जागी तयार ठेवा. बाकी जातींसाठी पाठीच्या पंखाचा आडवा फोटो, दोन्ही बाजूंचा मिळाला तर उत्तम. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश आणि वेळ टिपा. ‘मालवणसमोर’ एवढ्याने काम होत नाही. धूसर फोटोही फेकू नका, कडेचे दाते त्यातही दिसू शकतात.

किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला तर वन विभागाला किंवा त्यांच्या कांदळवन कक्षाला लगेच कळवा. हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी आहे, त्याच्या कुठल्याही भागाला आपण हात लावायचा नाही. पण जेसीबी येऊन खड्डा खणायच्या आत अधिकाऱ्यांना दोन गोष्टी आग्रहाने सांगा: शेपटीचे आणि पंखाचे नीट फोटो घ्यायला, आणि त्वचेचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायला. त्या तुकड्यातून जात, नर की मादी, आणि ओमानच्या नमुन्यांशी नातं आहे की नाही, तिन्ही कळू शकतं.